किल्ल्या चार, बाकी नाही

कुणाच्याही दाराला कुलूप बसवून दिलं की किल्लीवाले काका चिठ्ठीवर एक वाक्य हमखास लिहीत: ‘किल्ल्या तीन दिल्या. बाकी नाही.’ म्हणजे गुपचूप ठेवून घेतलेली जादा किल्ली आपल्याकडे नाही. या वाक्याच्या जोरावर त्यांनी चाळीस वर्षं इमानानं धंदा केला. आणि सरळ माणसाचं जे होतं, तेच त्यांचं झालं.

काकूंच्या आजारपणात दुकान बंद राहिलं, घराचे हप्ते थकले आणि बँकेनं घराचा ताबा घेतला. काकांनी किल्ल्यांची पोच मागितली. “तुम्हीच लिहा, मी सही करतो,” कारकून म्हणाला. काकांचा हात सवयीनं चालला: ‘किल्ल्या चार दिल्या. बाकी नाही.’

भाड्याच्या खोलीत काकूंनी तो कागद दोनदा वाचला.

“अहो, म्हणजे देणं फिटलं! बाकी नाही म्हणतात, वर सहीसुद्धा आहे.”

किती महिन्यांनी काकूंच्या तोंडावर हसू आलं होतं. काकांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. घर गेलं म्हणजे कर्जही त्याच्याबरोबर गेलं असेल, अशी त्यांनी स्वतःचीही समजूत घातली. काकूंनी कागद ट्रंकेत साड्यांखाली जपून ठेवला, आणि त्या पुन्हा जेवू-झोपू लागल्या.

वर्षभरानं बँकेचं पत्र आलं. घर लिलावात कर्जापेक्षा कमी किमतीला गेलं होतं. उरलेली रक्कम, वर व्याज आणि लिलावाचा खर्च भरा, असं त्यात होतं. काकांनी पत्र घडी करून खिशात घातलं. काकू मात्र कागद घेऊन तडक बँकेत निघाल्या, काका मागोमाग.

“ही घ्या तुमची सही,” काकूंनी कागद साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी वाचलं. माणूस वाईट नव्हता. “बाई, ही किल्ल्यांची पोच आहे. घर फक्त तारण होतं. कर्ज काकांनी घेतलेलं, ते उरलंय तेवढं त्यांच्याच नावावर राहतं. अर्ज द्या, सूट मिळते का बघू.”

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांची मान खाली होती.

“आणि हा कसला खर्च?” काकांनी विषय बदलायला पत्रातल्या हिशोबाच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

“कुलूप बदलल्याचा. रिकाम्या घरात कुणीतरी येऊन जायचं. चोरी नाही, काही नाही. स्वयंपाकघराचा ओटा तेवढा पुसलेला असायचा.”

काका उसळले. पैशांपुढे खाली गेलेली मान कुलुपाच्या नावानं वर आली. “माझं कुलूप असं कुणालाही उघडत नाही! किल्ल्या चारच होत्या. मी लिहून दिलंय.”

साहेबांनी अर्जासाठी कोरा कागद पुढे सरकवला.

बाहेर दोघं बाकावर बसली. मग काकूंनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक किल्ली काढून काकांच्या हातावर ठेवली. दात ओबडधोबड घासलेले. काकांच्या हातची नव्हे, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

“पलीकडच्या बाजारात करून घेतली होती. तुम्ही दिली नसती.”

काकांनी किल्लीच्या दातांवरून बोट फिरवलं. “किती वेळा गेलीस?”

“दोनदा. तिसऱ्यांदा ती फिरलीच नाही.”