धोंडा गेला कुठे?

लग्नानंतर अखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, म्हणून माहेरी गेलेली माझी बायको आषाढ संपला तरी परत येईना. कारण एकच, सासरे. अमरावतीच्या कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवणारा जावई त्यांना हलका वाटे. आधी वकिली पास व्हा, मग पोरगी धाडतो, असा त्यांचा हट्ट. इकडे मला घर खायला उठायचं. अशात धोंड्याचा महिना आला. जावयाला वाण देणं भागच होतं, म्हणून बोलावणं आलं. तिला घेऊनच यायचं ठरवून मी निघालो.

पुरणाचे धोंडे चापून झाल्यावर आम्ही सगळे लोणारला स्नानाला गेलो. केवढा तो गोल खड्डा, तळाशी खारं पाणी. देवाने अंगठ्याने दैत्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि हा खड्डा पडला, हे सासऱ्यांचं मत. ज्वालामुखी, हे इंग्रज साहेबाच्या पुस्तकाचं. मला गप्प बसायचं होतं. बसवलं नाही.

“वरून धोंडा पडला,” मी म्हणालो.

“जेवनात धोंडे कमी पडले काय जवाईबापूले?” सासूबाई घाबरल्या.

मी काठ दाखवला. साऱ्या वऱ्हाडात काळ्या खडकाचे थर भाकरींच्या चवडीसारखे आडवे असतात. इथे ते बाहेरच्या अंगाला कललेले. अगदी वर तर खालचा थर वर आणि वरचा खाली. विहीर खणताना खडक शेवटी निघतो आणि ढिगात सगळ्यात वर पडतो, तसंच.

“मंग थो धोंडा कोठी हाय?” सासऱ्यांनी विचारलं.

“फुटला. बराचसा वाफ होऊन गेला.”

सासरे पोट धरून हसले. “खड्डा हाय अन् धोंडा गायब! अशा मानसाच्या घरी मी पोरगी नाई धाडत.”

स्वतःच्या जिभेचा इतका राग मला कधी आला नव्हता.

तेवढ्यात बायको पदर खोचून पुढे झाली. “बाबा, दैत्य तुमी पायला? अंगठा पायला? याईनं निदान थर तरी दाखोले. मी आजच चालली यायच्यासंग.” सासऱ्यांचं हसू तिथेच जिरलं.

अमरावतीला परतताना मोटारीत बायको शेजारी होती आणि माझी छाती फुगली होती. माझं शास्त्र पहिल्यांदाच कुणाला तरी पटलं होतं. मी लगेच तळातल्या चुरा झालेल्या खडकाचं सांगायला घेतलं.

“मले त्यातलं काईच पटलं नाई,” ती म्हणाली. “दगडाची काय वाफ होते? मले घरी याचं होतं.”