आधी गरम, मग विसण

लातूरकडून आम्ही नवरा-बायको लोणीला सालानं कामाला आलो, तेव्हा मी विशीत होते. शाळा सातवीतच सुटलेली. कुठं काय बोलावं हे मला कळत नसे, गप्प बसावं एवढं मात्र चांगलं कळत असे. मळ्यातल्या घराला लागून आम्हाला एक खोली दिली होती. पत्रा गळत नव्हता, दाराला कडी होती, पाणी जवळ होतं. एवढं मिळालं म्हणून मी रोज मनातल्या मनात हात जोडायची, आणि आपल्या हातून काही चुकेल आणि ही खोली जाईल म्हणून रोजच भ्यायची.

नवरा शेतात राबायचा. माझ्याकडं गोठा, भांडी आणि सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी. न्हाणीच्या मागं चुलाण होतं, त्यावर मोठा हंडा. घर भरलेलं होतं. दादा आणि वहिनी म्हणजे मालक-मालकीण, दादांचा धाकटा भाऊ, त्याची बायको, शाळेत जाणारी पोरं आणि दादांची आई. म्हातारीला सगळे आई म्हणायचे, म्हणून मीही म्हणायची. पहाटे उठून चुलाण पेटवायचं. पावसाळ्यात वेडी बाभूळ ओली असायची, ती पेटायच्या आधी नुसती धुमसायची. तुराट्या भुर्रकन जळून जायच्या आणि हंडा होता तसाच गार. एक हंडा उपसला की दुसरा चढवायचा. शेवटची अंघोळ होईस्तोवर उन्हं अंगणात आलेली असायची. मग त्या काळ्या हंड्याला राख लावून घासत बसायचं, उद्या परत काळा करायला. हे काम जड होतं असं नाही, पण त्याला शेवट नव्हता.

पुढं एका हिवाळ्यात माझा श्वास धरायला लागला. छातीत कुणी कापूस कोंबल्यासारखं व्हायचं. वहिनी मला स्वतः मंचरला डॉक्टरकडं घेऊन गेल्या. माझ्यासाठी कुणी असं एसटीत शेजारी बसून दवाखान्यात नेईल असं मला वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "धुरापासून लांब राहायचं. नाहीतर हे दुखणं जन्माला चिकटेल." मी मान हलवली. धुरापासून लांब म्हणजे खोलीपासून लांब, हे त्यांना कुठून कळणार. येताना वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बघू काहीतरी." त्या 'बघू'नं माझी झोप गेली. दुसरी बाई बघतील, असाच अर्थ मी लावला. गावाकडं आम्हाला ना रान होतं ना काम. परत जाऊन खायचं काय?

पण दादांनी सोलर आणायचं ठरवलं. त्या दिवसांत लोडशेडिंग असं, की पाण्यात सोडायचा हीटर खुंटीला नुसताच लटकलेला असायचा. गॅसची टाकी कधी येईल याचा भरवसा नव्हता, त्यामुळे ती चहा-भाजीलाच पुरवून वापरायची. आळेफाट्याच्या एका हॉटेलच्या गच्चीवर दादांनी सोलर बघितला होता. त्या मालकाशी बोलून त्यांची खात्री पटली आणि थोड्या दिवसांत टेम्पो दारात आला. फिटर गच्चीवर काचेच्या नळ्या बसवत होता आणि दादांचा भाऊ खालून विचारत होता, "भाऊ, बोअरच्या पाण्याला टिकंल ना हे? आमचं पाणी लई जड हाय."

"वर्षातनं एकदा साफ करून घ्या, राव," वरून फिटर म्हणाला. "माणसाचं पोट बिघडतं, मग हिचं नाय का बिघडणार?"

एक दिवस ऊन खाऊन दुसऱ्या सकाळी नळ सोडला. पहिल्यांदा गार आलं, मग कोमट, मग इतकं कढत की थोरल्या पोरानं हात मागं ओढला. एकामागून एक अंघोळी झाल्या. लाकूड नाही, राख नाही, हंडा खुंटाळ्याखाली उपडा. संध्याकाळी कांदा काढून आलो तर पाणी सकाळपेक्षाही गरम. पूर्वी संध्याकाळचं गरम पाणी फक्त पावण्यांना मिळायचं. वहिनी मला म्हणाल्या, "तूबी घे की, तुझी पाठ काय लोखंडाची हाय?" मी दोन तांबे पाठीवर घेतले आणि तिथंच भिंतीला टेकून बसून राहिले. अंगात किती शीण साठला होता ते पाणी पडल्यावरच कळलं.

आई त्या दिवशी लेकीकडं गेलेल्या होत्या. त्या आल्या, सकाळी लुगडं खांद्यावर टाकून न्हाणीत गेल्या, नळाखाली बादली भरताना बघितली आणि तशाच बाहेर आल्या.

"चुलाण पेटव गं."

"आई, नळाला पाणी हाय की," वहिनी म्हणाल्या.

"ते मला नगं. आधी गार, मागनं ऊन. असलं पाणी कुणाला घालत्यात, ठावं न्हाई व्हय तुला?"

वहिनींचा चेहरा उतरला. मला ते ऐकताक्षणी समजलं, कारण आमच्याकडंही तसंच आहे. बादलीत आधी गरम पाणी घ्यायचं आणि मग त्यात बेताबेतानं गार घालायचं. त्या गार पाण्याला विसण म्हणतात. उलटं करायचं, म्हणजे गार पाण्यात गरम ओतायचं, ते फक्त मढ्याच्या अंघोळीला. आता गच्चीपासून खालपर्यंत आलेल्या पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी गारच असणार आणि नळ सोडला की तेच आधी बाहेर पडणार. म्हणजे सोलरची प्रत्येक बादली उलटीच भरायची.

दादा हसून म्हणाले, "आई, आता कोण मानतंय हे?"

"तू नको मानू. तुझ्या बापाचं शेवटचं पाणी ह्या हातानं कालवलंय मी. माझ्या अंगावर तसलं पाणी जित्तेपणी नाय घ्यायची."

दादा चप्पल घालून गोठ्याकडं निघून गेले.

चुलाण परत सुरू झालं, फक्त आईंसाठी. एका माणसाच्या पाण्याला असा कितीसा धूर, असं कुणालाही वाटेल. पण धूर पेटवतानाच होतो. एकासाठी पेटवा नाहीतर सगळ्या घरासाठी, फुंकणी तेवढीच फुंकावी लागते. वहिनींनी दोन-चार दिवस स्वतः पेटवून बघितलं, पण दुधाची गाडी त्याच वेळेला यायची. मग परत मीच. आईंना सांगायची माझी छाती नव्हती. ज्यांच्या घरात राहायचं त्यांनी आपली रीत माझ्यासाठी सोडावी, हे कोणत्या तोंडानं म्हणणार? नवरा म्हणायचा, जाऊ या परत. मी म्हणायची, थांब, बघू. तो शब्द आता माझ्या तोंडी आला होता.

एका सकाळी लाकडं दमट होती. फुंकता फुंकता असा खोकला लागला, की फुंकणी हातातून सुटली आणि मी भिंतीला धरून खाली बसले. डोळे पुसून बघते तर आई समोर.

"कधीपासनं हाय हे?"

"लई दिवस नाही, आई."

"खोटं बोलू नगं. रोज ऐकती मी. मला वाटायचं गोठ्यात म्हस खोकती." मग फुंकणी उचलून बाजूला ठेवत, "डाक्टर काय म्हनला?"

मी सांगितलं. सांगताना रडू आलं, ते दुखण्याचं नव्हतं, भीतीचं होतं.

"आन् मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही मोठ्या, आई."

"मोठी म्हंजी काय, भैरी हाय का मी?"

त्या न्हाणीत गेल्या. नळाखाली घागर ठेवली, नळ सोडला आणि धारेत बोट धरून उभ्या राहिल्या. घागर निम्मी झाली असेल, त्यांनी बोट झटकलं, पायानं घागर बाजूला सारली आणि बादली पुढं ओढली. बादलीत वाफाळतं पाणी पडू लागलं. ती भरत आली तशी घागरीतलं गार पाणी तांब्यानं त्यात घातलं, एकदा, दोनदा. हातानं ढवळलं.

"आधी ऊन, मागनं इसण. झालं की. पाइपातलं गारच इसणाला." मग माझ्याकडं न बघता, "इझव ते चुलाण. आन् दार लाव, मला वारं लागतंय."

मी जळत्या लाकडांवर पाणी मारलं. फस्स करून धूर उठला आणि मला परत खोकला आला.

दुखणं एकदम गेलं नाही. हिवाळ्यात अजूनही छाती भरते, पण मी जिने चढते, काम करते. पुढं आम्हाला पोरं झाली, त्यांची शाळा त्या खोलीतूनच झाली. सोलरनं घराचं काय भलं झालं, याचा हिशेब दादा गावभर सांगायचे. मला तो कुणी विचारला नाही, आणि विचारला असता तरी मी नुसता श्वास घेऊन दाखवला असता.

सोलर आल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आभाळ धरलं. नळाला कोमटसुद्धा पाणी येईना. घरातले सगळे कुरकुरत गारानं उरकायला लागले. आईंना गार सोसत नव्हतं, आणि अंघोळ झाल्याशिवाय चहाचा घोटही त्या घेत नसत. लग्न होऊन आल्यापासून कधी घेतला नव्हता. मी न सांगता लाकडं आणून चुलाणापाशी टाकली.

आई ओट्यावर बसल्या होत्या. "उचल ती," त्या म्हणाल्या.

"आई, मग अंघोळ?"

"आज मी पारोशी." पदर डोक्यावर घेऊन त्यांनी आभाळाकडं बघितलं. "उंद्याचं उंद्या. जा, चहा ठेव. आन् आलं घाल जरा, तुझ्या बी छातीला बरं."