मशीन सुरू करणारा

आंबीजवळच्या एका कारखान्यातून मी रद्दी उचलायचो. तिथला कॉम्प्युटर सुरू करणारा माणूस दर सोमवारी मला चपला काढायला लावून दारातच उभं करायचा. मला संताप यायचा. तो मात्र पुटपुटत, कागदाकडे न बघता, मशीनचे सोळा खटके वरखाली करत राहायचा.

"दर वेळी हे काय करताय, साहेब?" मी एकदा विचारलं.

"शेठ, याला सकाळी काहीच आठवत नसतं. छोटा प्रोग्रॅम हातानं भरावा लागतो. तो मेमरीच्या टोकाला बसतो, मोठ्या प्रोग्रॅमला आत घेतो आणि बाकीची जागा त्याला मोकळी करून देतो."

"मंग त्याचं सोताचं काय?"

"मोठा एकदा उभा राहिला, की त्याची जागाही मोठ्यालाच."

पुढे नवं मशीन आलं. त्यात तो छोटा प्रोग्रॅम आधीच कायमचा बसवलेला होता. बटण दाबलं की झालं. खटके दाबणाऱ्या त्या माणसाची बदली स्टोअरमध्ये झाली. मशीनची खोली सोडायला महिन्याची मुदत होती, पण मी गेलो तेव्हा तो स्वतःच टेबल बाहेर ओढत होता.

"भांडा की. मी असतो तर दार अडवून बसलो असतो."

"नव्या मशीनवाल्यांना जागा लागेल, शेठ. जरा तिकडून धरा."

मी धरलं, आणि वाटभर त्याला वाट्टेल ते बोललो. स्टोअरमध्ये खिडकीपाशी जागा होती. त्यानं टेबल दारामागे, भिंतीला चिकटवून ठेवायला लावलं.

दार उघडलं की तो दिसायचाच नाही. मी रद्दीला गेलो की आधी आत शिरून ते दार लोटून घ्यायचो.