शेवटच्या रोल नंबरची पंगत

नवस बोलताना आपण देवीकडे एकच गोष्ट मागतो, पण फेडायला बसलं की किस्से इतके जमतात की ठेवायला डबे पुरत नाहीत.

माझी मानसी डिप्लोमा करून कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेली, तेव्हा वर्ग सुरू होऊन दीड महिना झाला होता. पहिल्या वर्षाचं गणित तर तिने पाहिलंच नव्हतं. मी चौलच्या आमच्या देवीपुढे बोलले, "ही गणितात सुटू दे, तिच्यासारख्या उशिरा आलेल्या मुलींना पाच शुक्रवार पुरणपोळी जेवायला घालीन." सुटली. बरोब्बर पासापुरते मार्क. देवीसुद्धा मोजूनमापूनच देते.

*

यंदा अशा मुली शोधायला मी महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "दुसऱ्या वर्षाला थेट आलेल्या कॉम्प्युटरच्या मुली हव्यात. शुक्रवारी घरी पाठवा." तासाभरात तीन पत्रिका आल्या. एका आईने विचारलं, "मुलगा काय करतो?"

मी लिहिलं, "मुलगा नाही, पुरणपोळी आहे."

"मग दोघींना पाठवते."

*

पहिल्या शुक्रवारी त्या मुलींमध्येच दिघीची सायली आली. इथे खोली घेऊन राहते. पानं वाढताना म्हणाली, "काकू, मला शेवटी वाढा, सवय आहे." उशिरा आलेल्यांचे रोल नंबर शेवटी, हिचा चौऱ्याहत्तर. सर तास संपताना हजेरी घेतात, सत्तरपर्यंत बेल होते, वही मिटते. वर्गात बसूनही पोर गैरहजर!

मी तूप घेऊन टोकाला गेले. "आजपासून वाढणं शेवटून."

*

दुसऱ्या शुक्रवारी मानसीने तिला देवीसमोरच्या रांगोळीत मॅट्रिक्सचं गणित सोडवून दाखवलं. देवीपुढे काढलंय म्हणून मी त्यावर हळदकुंकू वाहिलं. सोमवारी सायली म्हणाली, "काकू, उत्तर चुकलं होतं."

"देवीने चालवून घेतलं, सरांना काय होतंय?"

*

गेल्या वर्षी मानसीलाही हेच सर होते. तिने त्यांना आमची वाढायची रीत सांगितली. सरांनी दुसऱ्याच दिवशी हजेरी चौऱ्याहत्तरपासून उलटी सुरू केली. आपलं नाव पहिलं ऐकून सायली इतकी दचकली की "हजर" म्हणायचंच विसरली. परत गैरहजर!

त्या दिवशी ती खूप रडली. घरी फोन केला, "बाबा, न्यायला या."

*

चौथ्या शुक्रवारी ऐन जेवणाच्या वेळी तिचे वडील दारात. सामान टेम्पोत चढलेलं, वर सायलीची गादी. म्हणाले, "ताई, पोरीला घेऊन जातो. शेवटचा नंबर, शेवटचा बाक. घरात निदान थोरली हाय ती."

मी म्हटलं, "न्या. पण पान मांडलंय, जेवून न्या."

ते पंगतीच्या टोकाला बसले. मी पुरणपोळी घेऊन आले आणि पहिली त्यांच्याच पानात वाढली.

ते गडबडले. "मी तर आत्ता आलो."

"म्हणूनच," सायली म्हणाली. "हितं शेवटून वाढतात, बाबा."

ते मान खाली घालून जेवले. हात धुतले, टेम्पोपाशी गेले आणि गादी खांद्यावर घेऊन परत आले. ओसरीवर ठेवत म्हणाले, "पुढल्या शुक्रवारी किती वाजता यायचं?"

तुमच्याही गावात कुणी असं उशिरा आलेलं असेल. नवस बोलला नसलात तरी चालेल, एक शुक्रवार त्यांना जेवायला बोलवा, आणि वाढायला तेवढी शेवटून सुरुवात करा.