पिल्लू ओढतंय

कास्तुलाला कुत्र्यांची किळस कधी आली नाही, माणसांची मात्र रोज यायची. मोचे गावात तिच्या अंगणात विरिंगो जातीची कुत्री पाळलेली होती, काळी, बिनकेसांची, हात लावला की गरम लागणारी. त्या उबेसाठी दमेकऱ्यांची रीघ लागायची. छातीला कोंबडीची चरबी चोपडून, शर्टाच्या बाहीला नाक पुसत माणसं यायची आणि त्याच हातांनी पिल्लाचा जबडा फाकवून बघायची. शी! ती गेली की कास्तुला पिल्लाला नळाखाली साबण लावून धुवायची.

विकायचं काम तिच्या नवऱ्याचं. नीकानोर झोपलेलं पिल्लू तळहातावर घेऊन गिऱ्हाइकापुढे धरायचा. अंगावर केस नाहीत, त्यामुळे बरगडी न् बरगडी दिसायची. मध्येच पिल्लाचं पोट भराभरा उडायला लागलं, पाय थरथरले, की हा बोट दाखवायचा, "बघा, ओढतंय. दमा ओढतंय." मग पुढचं पुराण. पिल्लू छातीवर घेऊन निजायचं, त्याची धाप वाढली की आपली गेली समजायचं, आणि पिल्लू दम्याने भरलं की पाटाच्या पाण्यात सोडायचं, म्हणजे दमा पाण्याबरोबर समुद्राला. हे शेवटचं तो पाद्र्याच्या थाटात सांगायचा.

भरतंय कसलं डोंबल! जन्मभर तिने पिल्लं झोपलेली पाहिली होती. स्वप्न पडलं की पिल्लाचा श्वास धावतो, ओठ हलतात, एखादा श्वास चुकतोसुद्धा. स्वप्न सरलं की पुन्हा संथ. निरोगी पिल्लाचं असंच असतं. नवऱ्याला तिने हे किती वेळा सांगितलं, तर म्हणायचा, तू तुझी चूल बघ.

लोकांना गंडवत होता तोवर ती नाक मुरडून सोडून द्यायची. पण म्हातारा स्वतःच्याच थापेला भुलला. नात युलिसा दम्याची. औषधाच्या पंपाने छातीला सवय लागते, घरात पिल्लू असताना पंप कशाला, असं त्याने सून मेल्वाच्या डोक्यात भरवलं. मेल्वाने पंप फडताळात टाकला. कास्तुलाने तो काढून पोरीच्या उशाशी ठेवला, मेल्वाने परत उचलला. वर म्हणाली, आई, तुम्हाला पिल्लाचाच जीव जास्त. कास्तुलाने दोघांचा नाद सोडला. या अडाण्यांचा तिला वीट आला होता.

सोमवारी दुपारी नीकानोर गळ्यापर्यंत शंबारचं घट्ट सूप ढोसून, डुकराच्या कातडीचे तेलकट ढेकर देत बाकड्यावर लवंडला होता. कास्तुला आतल्या खोलीत गेली. युलिसा पाठीवर निजलेली, छातीवर पिल्लू. मेल्वाने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, की बघा, कालपासून छातीतली शिट्टी कमी होती, आता पार थांबली.

पिल्लाचं पोट उडत होतं, मागचे पाय पळत होते. त्याला काही झालेलं नव्हतं. कास्तुलाने नजर वर नेली. पोरीच्या गळ्याची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती आणि ओठ निळसर पडले होते.

"मेल्वा, पिल्लाला स्वप्न पडलंय," ती म्हणाली. "शिट्टी वाजायला पोरीच्या छातीत हवाच जात नाहीये."

पंप शोधला, तोंडाला लावला, तीनचाकी थांबवून सगळी दवाखान्याकडे निघाली. नीकानोरने पिल्लू शर्टात कोंबून आणलं होतं. वाटेत त्याचं एकच पालुपद, पिल्लू काठोकाठ भरलंय, आधी पाटापाशी थांबा, नाहीतर सगळं पोरीत परत जाईल. त्याच्या तोंडाचा वास आणि तोंडातले शब्द, दोन्हींची कास्तुलाला सारखीच ओकारी येत होती. नातीला मांडीवर आवळून ती मिळेल तितकी लांब सरकून बसली.

संध्याकाळी युलिसाच्या ओठांवर रंग आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एवढा त्रास होत होता तर आईला सांगितलं का नाहीस? पोरीने मास्क बाजूला केला.

"पिल्लू कुठंय?"

"आजोबांजवळ आहे," कास्तुला म्हणाली.

"पाटात नका टाकू गं, आजी. ते भरलेलं नाहीये. माझा दमा त्याच्यात जाऊ नये म्हणून मी तोंड मिटून थोडाथोडाच श्वास घेत होते. शिट्टी वाजूच दिली नाही."

मेल्वाने मास्क परत पोरीच्या तोंडावर बसवला. दारात नीकानोर उभा होता. त्याच्या शर्टातून पिल्लाचं झोपलेलं तोंड बाहेर आलेलं, आणि पोट परत भराभरा उडायला लागलेलं. सवयीने त्याचं बोट वर गेलं आणि तिथेच राहिलं.

कास्तुलाने पिल्लू त्याच्या शर्टातून काढून घेतलं, बाहेर दवाखान्याच्या अंगणातल्या नळाशी नेलं आणि साबण लावून धुतलं.