कालव्यावरचं टिल्टरोटर

करोनाच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी फोरबर्ग या डच गावी मुलाकडे अडकून होतो. तीन महिन्यांसाठी आलेला माणूस, वर्ष उलटत आलं. मधे मलाही करोना होऊन गेला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच, आणि एक-दोन गोष्टी विसरलो. चहाचं आधण ठेवून झोपलो. एकदा कालव्याच्या पुलावरून पलीकडे उतरलो आणि घर सापडेना. सगळी विटांची घरं, सगळी सारखी. कुणाचंही चुकेल. पण तेवढ्यावर घरात विसराळू म्हणून माझं नाव झालं.

त्यातच मी ते विमान पाहिलं. शुक्रवार, दुपारचे साडेबारा. कालव्याकाठी बाकावर एकटा बसलो होतो. आधी आवाज आला, जड, छातीत बसणारा. मग ते ढगाखालून आलं. दोन्ही पंखांच्या टोकांना एकेक इंजिन आणि त्यावर हेलिकॉप्टरसारखी आडवी फिरणारी मोठी पाती. जरा रेंगाळलं. मग दोन्ही इंजिनं पात्यांसकट सावकाश पुढे कलली आणि हेलिकॉप्टरचं विमान झालं. झालं आणि गेलंसुद्धा.

जेवताना सांगितलं. मुलाचं ऑफिस स्लोटरडाइकला, पण तेव्हा ते जेवणाच्या टेबलावरच होतं. लॅपटॉप न मिटता तो म्हणाला, “बाबा, आधी हेलिकॉप्टर गेलं असेल आणि मागून विमान.”

“मी काय आंधळा आहे?”

“तसं नाही हो...”

सूनबाईनं त्याच्याकडे पाहिलं. ती नजर मला कळते. आजारी माणसाच्या खाटेशी उभं राहून लोक एकमेकांकडे बघतात ना, तशी.

शनिवारी दाराची किल्ली खुंटीवर नव्हती. “बाबा, थोडे दिवस एकट्यानं बाहेर नको,” सून म्हणाली. “गुरुवारी हाउसआर्ट्सची वेळ घेतलीय. स्मरणशक्तीची छोटीशी टेस्ट, बस.” हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर. टेस्ट छोटीशी असेल, पण किल्ली परत मिळायची की मी कायमचा खिडकीत बसायचा, ते तिच्यावर ठरणार होतं.

मी चौथी पास. पण हेलिकॉप्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये झाडूवाला म्हणून लागलो आणि फिटर म्हणून निवृत्त झालो. गिअरबॉक्स माझ्या हाताखालून गेलेत. इंजिनाबद्दल मला कुणी शिकवू नये.

संध्याकाळी मुलानं लॅपटॉप माझ्यापुढे फिरवला. “हे बघा, असतं असं. टिल्टरोटर म्हणतात. अमेरिकन सैन्याकडे आहे.” त्यानं वाचून दाखवलं. धावपट्टी नसेल तिथं सैनिक उतरवायचे, जखमींना उचलून आणायचं, भर समुद्रात जहाजावर सामान पोचवायचं. उतरतं हेलिकॉप्टरसारखं, आणि जातं लांब नि वेगानं, विमानासारखं.

मी सुपरमार्केटच्या कागदी पिशवीवर पेन्सिलीनं आकृती काढली. “एका बाजूचं इंजिन बंद पडलं तर उलटं होऊन पडेल. म्हणजे पंखांतून आरपार शाफ्ट असणार. एकाच इंजिनानं दोन्हीकडची पाती फिरायला पाहिजेत.”

त्यानं शोधलं. बराच वेळ वाचत राहिला. “आहे. शाफ्ट आहे.” मग हळूच म्हणाला, “पण बाबा, तुम्ही हे मोबाईलवरच पाहिलं असेल. दिवसभर व्हिडिओ बघता.”

मला राग आला, पण त्याचं अगदीच चूक नव्हतं. आमच्या वर्कशॉपमध्ये एकानं नट आवळला की दुसऱ्यानं स्वतः हात लावून तपासायचा आणि सही करायची. त्याआधी झाकण बसवायचं नाही, भले फोरमननं आवळलेला असो. आम्ही त्याला दुसरा डोळा म्हणायचो. मी म्हणालो, “असं विमान असतं, एवढंच या पडद्यावरून कळलं. मी पाहिलं, त्याला दुसरा डोळा पाहिजे. चला बाकावर.”

मुलाला मीटिंगा. सून म्हणाली, “मी येते लंच ब्रेकमध्ये. पण बुधवारपर्यंतच हं, बाबा.”

सोमवारी आलो. ती बाकाच्या त्या टोकाला, मी या टोकाला, तोंडावर मास्क. तिच्या कानात मीटिंग चालू. “येस, येस, शुअर,” आणि लगेच मला, “बाबा, मफलर!” बदकं सोडून काही आलं नाही. मंगळवारी वारा असा की डोळ्यांतून पाणी. ती म्हणाली, “बाबा, तुमच्या विमानाचं टाइमटेबल आहे का काही?”

“लष्कराचं आहे ते. तुझ्या मीटिंगसारखं आमंत्रण पाठवून येत नाही.”

बुधवारी एकला पाच मिनिटं असताना आवाज आला. जड. ती ताडकन उठली. झाडांवरून ते आलं आणि तिनं माझा दंडच धरला. वर्षभर हातभर लांबून ताट सरकवणारी पोर ती. “बाबा! दोन्ही! दोन्ही पाती दिसतायत! तेच ना? मी सांगते ह्यांना, मी पाहिलं!”

नुसती मान हलवायची होती. संध्याकाळी किल्ली खुंटीवर आली असती.

“हे ते नाही,” मी म्हणालो.

“अहो, दोन आहेत की!”

“एक पुढे, एक मागे. पंख कुठायत? हे माल वाहायचं हेलिकॉप्टर. याची पाती कलत नाहीत. माझ्या विमानाची डावी-उजवीकडे होती.”

“बाबा, उद्या टेस्ट आहे! घ्या ना हेच.”

“म्हणून तुझी खोटी सही घेऊ?”

ती मटकन बाकावर बसली, आणि मास्कआड हसायला लागली. हसता हसता कानातली मीटिंग बंद करून टाकली.

घरी आल्यावर तिनं पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. नवऱ्याला म्हणाली, “बाबांचं डोकं ठिकाणावर आहे. टेस्ट रद्द कर.”

“रद्द नाही करायची,” मी म्हणालो. “तपासल्याशिवाय एकही मशीन मी वर्कशॉपबाहेर सोडलं नाही. मला का सोडता?”

गुरुवारी गेलो. वार, महिना, वर्ष सांगितलं. घड्याळ काढलं, काटे बरोबर बसवले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद पुढे केला. मनात येईल ते एक वाक्य लिहा, मुलानं मराठीत सांगितलं. माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण वेळ घेऊन लिहिलं: शुक्रवारी मी कालव्यावर पाती पुढे कलवणारं विमान पाहिलं.

मुलानं कागद वाचला. माझ्याकडे पाहिलं. मग घसा खाकरून त्यानं डॉक्टरीणबाईंना ते इंग्रजीत सांगितलं, एकही शब्द न गाळता.