बी-वनचे रन डबल

"महेशची नजर अजून थोडी जाऊ दे रे. मेपर्यंत बी-वनमध्ये आला ना, तर इंग्लंडची वाट लागली समज!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. सदादादाने ते लच्छूला सांगितलं, आमच्याच हॉलमध्ये, आमच्याच सोफ्यावर बसून. सोफ्यामागे जमिनीवर मी मेथी निवडत होते.

महेश म्हणजे माझा नवरा. भारताच्या अंध क्रिकेट टीमचा ओपनर. सदादादा कॅप्टन, अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहतो. लच्छू उल्हासनगरचा, ऑलराउंडर. तिघं एका शाळेत शिकले आणि तेव्हापासून एकमेकांच्या घरी बेल न वाजवता येतात.

आता हे बी-वन काय? डोळे तपासून खेळाडूंचे तीन गट पाडतात. बी-वनला काहीच दिसत नाही, बी-टूला धूसर, बी-थ्रीला त्याहून जरा बरं. बी-वनवाल्याने काढलेला प्रत्येक रन डबल धरतात. महेश बी-टू आहे. त्याला काचबिंदू आहे, म्हणजे जे धूसर दिसतं तेही हळूहळू चाललंय. ऑपरेशन केलं तर उरलेलं टिकेल, पण मग हा सीझन गेला. आणि सीझन तरी कसला! मेमध्ये इंग्लंड, तिथून श्रीलंका, परत आल्यावर घरची तिरंगी मालिका.

या मंडळींत एक पद्धत आहे. खोलीत शिरलं की आपलं नाव सांगायचं. "सदा आलोय." "लच्छू हाजिर!" मी मुळात कमी बोलणारी, त्यात नवी सून. न बोलणारी बाई यांच्या हिशेबात घरात नसतेच. लच्छूला थोडं दिसतं, पण तो मोबाईल डोळ्याला चिकटवून कसला तरी स्कोअर वाचत होता.

पाहुणे येऊन गेले की फ्रिजमध्ये उरल्यासुरल्या भाजीच्या वाट्या जमतात ना, तसे या टीमचे किस्से माझ्याकडे जमत चाललेत. टाकवत नाहीत, कुणाला वाढताही येत नाहीत.

सदादादा वाईट माणूस नाही. जुडी संपेपर्यंत मी स्वतःला हेच सांगत होते.

*

आमच्या लग्नाला अख्खी टीम आली होती. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने हॉलमध्ये शिरली, तेव्हा माझ्याकडच्या बायकांनी आधी डोळे पुसले आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं आलं.

अंतरपाट धरला. गुरुजींनी मंगलाष्टकं अशी लांबवली की करवल्यांचे पाय दुखायला लागले. तेवढ्यात मागून सदादादाचा आवाज आला, "गुरुजी, काढा तो पडदा आता! नवऱ्याला काय फरक पडतोय!"

माझी आई रडायची थांबली. पडद्यापलीकडे महेश मात्र इतका हसला की मुंडावळ्या सरकल्या. अक्षता टाकायची वेळ आली तेव्हा टीमच्या सगळ्या अक्षता गुरुजींच्या अंगावर पडल्या.

लच्छू म्हणाला, "सॉरी गुरुजी, लाइन बिघड गई!"

*

इंग्लंडसाठी निवड झाली म्हणून अंबरनाथला तिघांचा सत्कार होता. स्टेज, फुगे, बॅनर. बॅनरवर स्थानिक नेत्याचा फोटो पुरुषभर, या तिघांचे पासपोर्टच्या आकाराचे. मी पहिल्या रांगेत, सासूबाईंच्या शेजारी.

शाल झाली, नारळ झाला. मग प्रत्येकाला एक एक भिंतीवरचं घड्याळ दिलं!

सदादादाने घड्याळावरून हात फिरवला. वर गुळगुळीत काच. म्हणाला, "छान आहे साहेब. वेळ काय झाली सांगता का?"

नेत्याने खरंच आपलं मनगट बघून वेळ सांगितली. मग फोटोग्राफर ओरडला, "सगळ्यांनी इकडे बघा!" तिघांनी तीन दिशांना बघितलं. फोटोग्राफर पुन्हा ओरडला, "अहो इकडे, इकडे!"

"साहब, इकडे म्हणजे किधर?" लच्छू म्हणाला. "ताली बजाओ, फिर देखते हैं!"

फोटोग्राफरचे दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले. शेवटी नेत्याने स्वतः कॅमेऱ्याजवळ जाऊन टाळ्या वाजवल्या. फोटो फार सुंदर आला. फक्त त्यात नेता नाही.

ते घड्याळ आमच्या हॉलमध्ये लावलंय. महेशने मला विचारलं होतं, "काटे काळे आहेत का गं?" काटे काळे आहेत आणि मागचा रंग पांढरा. पूर्वी असलं घड्याळ त्याला जवळून दिसायचं.

*

लच्छू बी-थ्री, म्हणजे टीममधला सगळ्यात डोळस. रस्ता ओलांडताना, हॉटेलचं मेन्यू कार्ड वाचताना सगळे त्यालाच धरतात. पण दर तपासणीच्या आधी त्याची झोप उडते. डॉक्टरांच्या तक्त्यावरची एखादी ओळ जास्त दिसली की संपलं, टीमच्या बाहेर!

त्यात त्याची मम्मी भाविक. उल्हासनगरमधलं एकही देवस्थान सोडत नाहीत. एकदा आमच्याकडे आल्या तेव्हा मला जवळ बसवून म्हणाल्या, "बेटा, इस बार पूरा चालीसा रखा है मैंने. देखना, लच्छू की आँखें ठीक हो जाएँगी." चाळीस दिवसांचं व्रत असतं ते. बिचाऱ्या एक वेळ जेवतात.

त्या निघून गेल्यावर लच्छू कपाळाला हात लावून म्हणाला, "भाभी, क्या बताऊँ. मम्मी आगे से मन्नत मांगती है, मैं पीछे से जाके कॅन्सल करवाता हूँ!"

आम्ही सगळे हसलो. महेश जरा जास्तच हसला. लच्छू सहज विचारल्यासारखं म्हणाला, "तेरा ड्रॉप चालू है ना, महेश?"

"चालू आहे," महेश म्हणाला.

बाटली फ्रिजच्या दारात असते. रोज अंडी काढताना मला दिसते. आठवडा झाला तरी पातळी तीच होती.

*

सोनिवलीला नव्या टॉवरच्या मागे एक मोकळं मैदान आहे, तिथे यांची प्रॅक्टिस चालते. बॉलमध्ये छर्रे असतात, तो खुळखुळत येतो. बॉलर विचारतो, "रेडी?" बॅट्समन म्हणतो, "येस." मग बॉलर "प्ले!" म्हणून सरपटी बॉल टाकतो. सगळा खेळ कानांचा.

एका रविवारी चौथ्या मजल्यावरचे एक काका बाल्कनीत आले आणि बहुतेक देशप्रेमानेच भारावून गेले. प्रत्येक बॉलला "कम ऑन इंडिया! शाब्बास!" महेश सलग दोनदा बोल्ड झाला.

शेवटी सदादादाने वर तोंड करून हात जोडले. "काका, तुमचा एवढा सपोर्ट राहिला तर आपण इंग्लंडला नक्की हरणार! जरा देशासाठी गप्प बसा."

काका गप्प बसले. पुढच्या बॉलच्या वेळी मैदानात कुणी चकार शब्द काढत नव्हतं. महेश परत बोल्ड झाला.

"कॉन्सन्ट्रेशन, महेश!" सदादादा ओरडला.

मी कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन बसले होते. लग्न ठरलं तेव्हापासून मी महेशला खेळताना बघतेय. तो बॉलकडे तोंड करून उभा राहायचा. पांढरं काहीतरी सरकत येताना त्याला शेवटी शेवटी का होईना, दिसायचं. आता त्याने मान वळवून डावा कान पुढे केला होता. नवीन सवय असल्यामुळे बॅट उशिरा येत होती. सदादादाला हे कळायचा प्रश्नच नव्हता.

लच्छू पाणी प्यायला आला. हळूच म्हणाला, "भाभी, आपने देखा?"

मी मान हलवली. त्याला ती दिसली की नाही कोण जाणे.

*

डॉक्टर मॅडमनी डोळ्यांचं प्रेशर तपासलं, दुसऱ्यांदा तपासलं आणि खुर्ची जवळ ओढली. "येत्या गुरुवारी ऑपरेशन करून टाकू. मग दोन-तीन महिने खेळ बंद. उशीर करू नका."

महेशने विचारलं, "मॅडम, सप्टेंबरमध्ये केलं तर चालेल का?"

"चालेल की. तोपर्यंत वाचवण्यासारखं काही उरलं पाहिजे."

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "रेवा, गुरुवारचं कॅन्सल कर. तू फोन कर, मला त्या मॅडमशी बोलायला नको वाटतं."

घरी, कात्रपला जायला रिक्षा केली. मी बाहेर बघत बसले. त्याने माझा हात चाचपून धरला आणि हसत म्हणाला, "टेन्शन कसलं घेतेस? प्रमोशन आहे हे. बी-टूचा बी-वन!"

रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं. "प्रमोशन? अरे वा! मग पेढे पाहिजेत साहेब!"

"नक्की," महेश म्हणाला.

घरी सासूबाईंना कळलं तेव्हा त्या देवघरासमोर बसल्या आणि मलाच म्हणाल्या, "देशाकडून खेळतोय गं तो. मी कोणत्या तोंडाने नको म्हणू?" आणि जरा वेळाने, "तू बोलून बघ ना. तुझं ऐकेल." घरात माझा आवाज मिक्सरएवढाही नाही, हे त्यांना माहीत होतं.

*

बुधवारी कॅम्पला निघायचं, म्हणून रविवारी सगळे आमच्याकडे जमले. सासूबाईंनी साबुदाणा वडे केले होते. महेश जमिनीवर बसून किट भरत होता. प्रत्येक वस्तू हाताने ओळखून, पुसून, बॅगेच्या ठरलेल्या कप्प्यात. लच्छू वड्यावर वडा चटणी न घेता खात होता, म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलं होतं.

सदादादा मात्र रंगात. बॅटिंग ऑर्डर ठरवत होता. "महेश ओपनर. पहिल्या मॅचआधी तपासणी आहे. तिथे बी-वन निघाला की चाळीस काढले तरी ऐंशी! अरे, कोण हरवतं आपल्याला!"

"आणि डोळे?" लच्छू म्हणाला.

"डोळे काय पळून चाललेत? सप्टेंबरमध्ये करेल ऑपरेशन."

"सदा, मॅडम बोली है कि..."

"अरे मॅडम सगळ्यांनाच बोलतात! मलाही बोलल्या होत्या. मीसुद्धा बी-टूच होतो ना? वर्ल्ड कपसाठी टाळलं ऑपरेशन. काय बिघडलं माझं? बी-वन झालो, कॅप्टन झालो, लग्न झालं, पोरगी झाली. काय रे महेश?"

महेश पॅडचे पट्टे लावत आणि सोडवत होता. "बरोबर आहे दादा," तो म्हणाला.

"वहिनी कुठे आहेत? वहिनी, आहात का? तुम्हीच सांगा याला, मन घट्ट कर म्हणावं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात चहाचा ट्रे.

"दादा," मी म्हटलं, "शेवटचं काय दिसलं होतं तुम्हाला?"

सदादादा माझ्या आवाजाकडे वळला. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागला. काळाच चष्मा तो, कशासाठी पुसत होता कुणास ठाऊक.

"स्कोअरबोर्ड," तो म्हणाला. "म्हणजे आकडे नाही दिसले. उजेड दिसत होता त्याचा. आपण जिंकलो होतो, वहिनी." आणि मग कुणी काही विचारलं नसताना, "पोरगी पुढच्या वर्षी झाली."

सासूबाईंनी गॅस बंद केला. महेशच्या हातातला पट्टा तसाच राहिला.

मी ट्रे खाली ठेवला. माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला असावा, कारण लच्छूनेही मान वर केली.

"डॉक्टर मॅडमना मी फोन केलेला नाही," मी म्हटलं. "गुरुवारी त्याला ॲडमिट करायचंय. ओपनिंगला कोण जाणार ते तुम्ही ठरवा."